मुळासकट काढा

माझी आत्या बेचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकली, आणि त्यानंतर डोळ्यांसमोर आलेलं एकही अक्षर तिने फुकट जाऊ दिलं नाही. बिस्किटाचा पुडा, बसची पाटी, खोकल्याच्या बाटलीवरची बारीक सूचना, दुकानाच्या शटरवर रंगवलेलं 'येथे गाडी लावू नये', सगळं ती मोठ्याने वाचायची. सोबत मी असले तर वाचून झाल्यावर माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की पुढे चालायची. तिला शिकवणारीही मीच. आईवडील कामासाठी दुसऱ्या गावी आणि मी शाळेसाठी आत्याकडे, अशी आमची व्यवस्था होती. मी दुसरीत होते. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती, मध्ये माझं पुस्तक. मी शुद्धलेखनाच्या दहा ओळी लिहायचे, ती त्याच दहा ओळी चार वेळा लिहायची. तिचं अक्षर माझ्यापेक्षा सरळ आलं. चादरीची घडी घालणाऱ्या हाताला वाकडं चालत नाही, असं तिचं म्हणणं.

ती इस्पितळाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं इस्त्रीला होती. घरातल्यासारखी इस्त्री नव्हे. तिथे माणसाच्या उंचीचं वाफेचं यंत्र आहे, त्यात भला मोठा तापलेला रूळ फिरतो. एका बाजूने दोघींनी ओली चादर ताणून आत सोडायची, दुसऱ्या बाजूने दोघींनी गरम चादर ओढून घडी घालायची. दिवसाला सहाशे चादरी. निवृत्त झाली तेव्हा तिच्या उजव्या हाताची मूठ पूर्ण मिटत नव्हती. "बरंय," ती म्हणायची, "मारामारीचा मोह होत नाही."

धुलाईघराच्या मागे ओढा, आणि ओढ्याच्या काठावर आगाऊ.

या वनस्पतीचं शास्त्रीय नाव आमच्या जलविभागाच्या ऑफिसातल्या फायलीत आहे, पण ते उच्चारताना साहेबांचीसुद्धा जीभ वळत नाही. खोड पोकळ, पेरापेराचं, त्यावर लाल ठिपके. पान तळहाताएवढं. थंडी सरते न सरते तोच, सगळा काठ उघडा असताना हिचे लालसर कोंब जमिनीतून वर येतात आणि दोन महिन्यांत झाडोरा डोक्याच्या वर जातो. न बोलावता येते, आली की जायचं नाव घेत नाही, शेजाऱ्याला उभं राहायला जागा ठेवत नाही. म्हणून धुलाईघरातल्या बायकांनी तिचं नाव आगाऊ ठेवलं होतं. न बोलावता हे मात्र तितकंसं खरं नाही. पुढे मी नोकरीला लागल्यावर जुन्या कागदांत वाचलं की काठाची माती धरून ठेवते म्हणून चाळीस वर्षांपूर्वी आमच्याच जलविभागाने ती परक्या मुलखातून आणून लावली होती.

बायकांनी मात्र तिच्याशी जमवून घेतलं. वीतभर कोंब कापायचे, वरची साल दोऱ्यासारखी ओढून काढायची, आतला गर आंबट आणि करकरीत. जेवणाच्या सुट्टीत मीठ लावून तसाच खायचा, नाहीतर घरी नेऊन साखरेत शिजवायचा. आत्या दरवर्षी त्याच्या आठ-दहा बरण्या भरायची, गुलाबी रंगाच्या, पावावर लावायला. वाफेने हात भाजला की पानं वाटून लावायची. आणि मूळ. मूळ आतून नारिंगी निघतं, चवीला कडू. त्याचा काढा सांधेदुखीवर चालतो, असं त्यांच्या मुकादमबाई सांगायच्या. पण कधी, तर पानं पिवळी पडायला लागली की. तेव्हा झाडाचा सगळा जोर मुळात उतरतो.

हे शेवटचं वाक्य मी पुढे कॉलेजात इंग्रजीतून शिकले, आकृतीसकट. घरी येऊन आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, हे तर मुकादमबाईंना तिसरी नापास असून ठाऊक होतं. मग मी जरा तोऱ्यात आले. कोंब खा, ते भाजीसारखे आहेत, पण मुळाला हात लावायचा नाही, असं मी तिला बजावलं. त्याची कुणी नीट तपासणी केलेली नाही, प्रमाण माहीत नाही, तुझं वय झालंय. तिने काढा सोडला. सकाळी मूठ उघडायला तिला दहा मिनिटं लागायची, तरी सोडला. "इंजिनीअरबाईंचा हुकूम आहे," असं गल्लीत सांगायची. त्यात तक्रार किती आणि मिरवणं किती, ते ओळखायला मला कधी जमलं नाही.

जलविभागात नोकरीला लागून मला वर्ष झालं होतं तेव्हा आगाऊच्या बंदोबस्ताचं काम माझ्याकडे आलं. साहेब म्हणाले, आधी लोकांना कामाला लावू, काठावर बोर्ड लावा. मी मजकूर लिहिला: 'आगाऊ ही ओढ्याला घातक वनस्पती आहे. दिसल्यास ती मुळासकट काढून टाकावी.' साहेबांनी बोर्डाचं माप बघितलं आणि सांगितलं, पलीकडच्या काठावरून वाचता आलं पाहिजे, कापा. मी कापलं. 'घातक' गेलं, 'दिसल्यास' गेलं, 'टाकावी' गेलं. वर ठळक 'आगाऊ', मध्ये पानाचं आणि मुळाचं रंगीत चित्र, खाली 'मुळासकट काढा', त्याखाली विभागाचं नाव. मला ते फार आवडलं. दोन शब्दांत काम.

पेंटरने अक्षरं रंगवून झाल्यावर ब्रश पुसत पुसत विचारलं, "मॅडम, दिवसातून किती वेळा घ्यायचा?"

मला काही कळेना. त्याने बोर्डाकडे बोट दाखवलं. आगाऊचा मुळासकट काढा; औषधाच्या दुकानावर लावतात तसं दिसतंय, तो म्हणाला, चित्रसुद्धा तसंच आहे. मग मला दिसलं, आणि मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ऑफिसात जाऊन सगळ्यांना सांगितलं. त्या दिवसापासून चहाची वेळ झाली की कुणीतरी म्हणायचं, चला, मुळासकट काढा घ्यायला. बोर्ड बदलायचा तर पुन्हा मजकूर मंजूर करून घ्यायचा, पुन्हा सही, पुन्हा पेंटर. आणि असं कोण वाचणार आहे, असं मी स्वतःला विचारलं. उत्तराची वाट न बघता सात बोर्ड लावून घेतले.

आठवड्याभराने आत्या ओढ्यावरून कोंब घेऊन आली. टेबलावर पिशवी ठेवून माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"वाचला हो तुझा बोर्ड."

"कसा वाटला?"

"थोडक्यात आणि मुद्द्याचं. शेवटी पटलं म्हणायचं तुला."

मला वाटलं, आगाऊ वाईट आहे हे मला पटलं, असं ती म्हणतेय. मी म्हटलं, हो, अभ्यास केला ना आता. तिने माझ्या गालावरून हात फिरवला, न मिटणाऱ्या बोटांनी. काय पटलं म्हणतेस, एवढं मी तेव्हा एका वाक्याने विचारलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण मला कौतुक ऐकायची घाई होती, ते मिळालं होतं, आणि मी जेवायला बसले.

बोर्डांनी आगाऊ हटली नाही. पानं पिवळी पडायच्या सुमाराला आम्ही दुसरा उपाय केला. पोकळ खोडात, खालून तिसऱ्या पेराच्या जवळ, सुईने तणनाशक सोडायचं. त्या दिवसांत झाड सगळं काही मुळाकडे ओढून घेतं, म्हणून औषधही तिकडेच जातं. वरून झाड दोन-तीन आठवडे धडधाकट दिसतं. हे काम मी स्वतः उभी राहून करून घेतलं. टोचलेल्या प्रत्येक झुडपाला लाल पट्टी बांधायची, असा नियम होता. पुलाच्या बाजूला बांधल्या. धुलाईघराच्या बाजूला पोचेपर्यंत पट्ट्या संपल्या. कोंबांचा हंगाम केव्हाच उलटला, आता ही लाकडं कोण खातंय, असं म्हणून मी कामगारांना पुढे जायला सांगितलं. दोन दिवसांनी मी आठवड्याभराच्या प्रशिक्षणाला परगावी गेले.

परत आले तेव्हा आत्या इस्पितळात होती. तिने स्वतः इस्त्री केलेली असेल अशा चादरीवर झोपलेली, ओठ सुकलेले, हाताला सलाईन. तीन दिवस उलट्या आणि जुलाब. ती सावरत होती. सावरत नव्हते ते पलीकडच्या वॉर्डातले टेलरकाका. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. वय सत्तरीच्या पुढे, मूत्रपिंडं आधीपासून कमजोर, बोटं आत्यासारखीच आखडलेली. आत्याने मूळ खणून आणलं, धुतलं, ठेचलं, उकळलं, एक पेला स्वतः घेतला आणि एक टेलरकाकांना नेऊन दिला. देताना सांगितलं की आता सरकारनेच लिहून लावलंय, आणि लिहिणारी आमच्या घरातली आहे.

हे मला तिने स्वतःच, सलाईनकडे बघत बघत सांगितलं. मग म्हणाली, मी चुकीचं वाचलं गं. त्याचा अर्थ उपटून टाका असा होता म्हणे. डॉक्टरसुद्धा हसले.

मी काय केलं? मी तिचं पांघरूण नीट केलं.

डॉक्टरांना मात्र मी तणनाशकाचं सांगितलं. तेवढं केलं, दार लावून, हळू आवाजात. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाले, दुखणं त्याने झालं की मुळाने की दोन्हीने, हे आता ठरवणं कठीण आहे. साहेबांना हे वाक्य फार आवडलं. ठरत नाही ना, मग आपण कशाला ठरवायचं, असं ते म्हणाले. बोर्डाचा विषय मी काढला तेव्हा त्यांनी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला. बोर्डावर क्रियापद आहे, व्याकरण शुद्ध आहे, म्हातारीने भलतंच वाचलं त्याला विभाग काय करणार? त्यांनी तिला म्हातारी म्हटलं ते मला लागलं. मी फाईल उचलून बाहेर आले.

टेलरकाका बाराव्या दिवशी घरी आले. निम्मे होऊन आले. सणाचे कपडे शिवायचे दिवस होते आणि मशीन कापड टाकून झाकलेलं. आत्या अजून भिंत धरून चालत होती, तरी त्यांना बघायला जायचंच म्हणून हटून बसली. मी तिला घेऊन गेले. टेलरकाकांची सून दाराशी आली. आत या म्हणाली नाही. चार शेजारणी आधीच ओट्यावर बसलेल्या होत्या.

आत्याने हात जोडले. सून जे बोलली ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असेल.

"तो बोर्ड अख्ख्या गावाने वाचला, आत्या. काढा तेवढा तुम्हालाच दिसला. येत नाही तर कशाला वाचायचं? गप घरात बसावं."

एक शेजारीण हसली. दुसरी म्हणाली, जाऊ दे, भाचीची चार बुकं उसनी वाचून काय होतंय. आत्याची मान खाली गेली ती वर आलीच नाही. मी तिच्या शेजारी उभी होते, माझा हात तिच्या दंडाला. पेंटरचा प्रश्न मला शब्दन् शब्द आठवत होता. शिकलेला, पंधरा वर्षं बोर्ड रंगवणारा माणूस, त्यानेही काढाच वाचला होता. ऑफिसातल्या अकरा जणांनी तो वाचून चहा घेतला होता. एवढं एक वाक्य मला तिथे बोलायचं होतं. मी म्हणाले, चल आत्या, तुला चक्कर येईल.

त्यानंतर आत्याने वाचणं सोडलं.

आधी मला कळलंच नाही. घर शांत वाटत होतं एवढंच. मग एकदा तिने गोळ्यांची पट्टी माझ्यापुढे धरली, "बघ गं, सकाळची कुठली?" पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर तिने एका शाळकरी मुलीला विचारलं, ही बस कुठे जाते. बस समोर उभी होती, पाटी आमच्या नाकासमोर. मी तिच्याकडे बघितलं. ती पाटीकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत होती, एखाद्याच्या घरात चुकून डोळा जाऊ नये म्हणून आपण बघतो तशी. गल्लीत तिला आता काढाबाई म्हणत होते. तिच्या बरण्या कुणी नेत नव्हतं. ते तिने सोसलं असतं. पण अक्षरं बघायला ती घाबरत होती. ती अक्षरं तिला मीच दिली होती, जेवणाच्या टेबलाशी बसून, आणि माझ्याच दोन शब्दांनी हिसकावूनही घेतली होती.

तरी मी आणखी नऊ दिवस घेतले. हे लिहितानाही तो आकडा कमी करावासा वाटतो.

दहाव्या दिवशी दुपारी ती डाळ निवडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. सुई, संपलेल्या पट्ट्या, डॉक्टर, साहेब. ती निवडत राहिली. मग पेंटरचं सांगितलं, आणि तिचा हात थांबला.

"त्यानेही काढाच वाचलं?"

"हो."

"लावायच्या आधी?"

"हो. मी हसले. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, तेही हसले."

"म्हणजे मी वाचलं ते बरोबर होतं."

"अक्षरं बरोबर होती. अर्थही होत होता तसा. चूक लिहिण्यात होती."

तिने ताट बाजूला सरकवलं. मला वाटलं रडेल, किंवा माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. मी मनातून दुसऱ्या गोष्टीची वाट बघत होते, खरं सांगायचं तर. तिने दोन्हींतलं काही केलं नाही. "विष कुठलं, ते डॉक्टर बघतील," ती म्हणाली. "टेलर माझ्या हातचं पिऊन आडवा झाला, ते माझ्याकडे आहे, ते मी कुणाला देत नाही. पण त्याची सून मला वाचता येत नाही म्हणाली तेव्हा तू कुठे होतीस?"

"दाराशी. तुझ्या शेजारी."

"मग तिथेच उभी राहून सांग."

मी म्हटलं, आज लेखी अर्ज करते, बोर्डाबद्दल, सगळ्याबद्दल. तो केलाही, त्याच संध्याकाळी, आणि त्याची चौकशी आजही चालू आहे. पण आत्याला अर्जाशी देणंघेणं नव्हतं. तिने चप्पल घातली. भिंतीला हात न लावता ती माझ्या पुढे चालत गेली, आणि टेलरकाकांच्या दारापासून पाच-सहा पावलांवर रस्त्यातच थांबली. पुढे जा, अशी मान हलवली.

सून बाहेर आली. मी सुरुवात केली ती पुटपुटत. सून म्हणाली, मोठ्याने बोल, काही ऐकू येत नाही. मग मी मोठ्याने सांगितलं. बोर्ड मी लिहिला. तो काढा म्हणून वाचला जातो हे मला लावायच्या आधी एकाने सांगितलं होतं. मी बदलला नाही. आगाऊच्या मुळांत तणनाशक आम्ही घातलं होतं आणि त्या बाजूला खूण बांधली नव्हती. आत्याने वाचायला चूक केलेली नाही. समोरच्या ओट्यावरच्या बायका पुढे सरकल्या. आतल्या खोलीत टेलरकाका खोकले.

"हे त्या दिवशी माहीत होतं तुला?" सुनेने विचारलं.

"माहीत होतं."

"मी हिला बोलत होते तेव्हा?"

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे रस्त्यावर गेली, आणि तिचा चेहरा पडला. ती पायरी उतरून पुढे गेली. आत्याजवळ जाऊन हळू काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. आत्याने नुसती मान हलवली. सून म्हणाली, आत या, मामंजी रोज तुमची विचारपूस करतात.

दोघी माझ्या बाजूने आत गेल्या. दार उघडंच होतं. मला कुणी ये म्हणालं नाही, जा असंही कुणी म्हणालं नाही. आतून टेलरकाकांचा बारीक आवाज आला, मग आत्याचा. मी चपलांजवळ उभी राहिले. ओट्यावरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि मी खाली बघायचं नाही असं ठरवलं, पण तेवढं मला जमलं नाही.